पाठीवरची पाटी

बेळगाव, खासबाग.
रविवार, ता. ५ नोव्हेंबर १९७८

सकाळी नऊच्या गाडीने निपाणी सोडली आणि साडेअकरास बेळगावच्या स्टँडवर उतरलो. जावई परशराम सायकल घेऊन आले होते. माझी ट्रंक कॅरियरला बांधून आम्ही खासबागेपर्यंत चालत आलो. वाटेत मला चार ठिकाणी थांबावे लागले. दर खेपेस परशरामांनी सायकलची चेन पाहण्याचे निमित्त केले. माणूस समजदार आहे. लष्कराच्या वर्कशॉपात फिटर आहेत; बोलणे मोजके.

दसऱ्यापूर्वी हेच अंतर मला चालवले नसते. चाळीस वर्षे तंबाखूच्या वखारीत मुकादमकी केली, त्या धुळीने छाती पोखरली. येथील कॅम्पातील डॉक्टरीणबाईंनी दसऱ्याला लहान पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि आठ दिवसांत मी उताणा निजू लागलो. त्यांनी बजावले की, निपाणीस एकटे राहू नका, लेकीकडे या, व रोजची प्रकृती लिहून दाखवीत जा. त्याकरिता परशरामांनी ही शंभर पानी वही आणून दिली आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. परंतु अक्षर स्वच्छ आहे आणि जे घडते तेच लिहिण्याची सवय आहे.

घर दोन खोल्यांचे, पुढे सोपा, म्हणजे ओसरी. शेजारी यंत्रमाग. त्यांचा खटखटाट सकाळी आठास सुरू होतो. दुपारी बारा ते दोन कामगार जेवावयास जातात तेवढीच शांतता. लेक जयाबाईने माझी खाट सोप्यात, उजेडाकडे टाकली आहे.

नात मनुबाई, वय वर्षे सहा. तिला मूत्रपिंडाचा विकार आहे. उन्हाळ्यात अंग सुजून डोळे मिटले होते. आता सूज उतरली आहे, पण गोळ्यांमुळे तोंड वाटोळे झाले आहे. तिच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या एकच आहेत, हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. दिवाळीची कडबोळी डब्यात आहेत, ती आम्हा दोघांनाही वर्ज्य. माझ्या ताटातील भाजी चाखून ती म्हणाली, “आज्जा, तुमीबी अळणीच व्हय? मग बरं झालं.”

आमची मंडळी, जयाची आई, वारल्यास वर्ष झाले. वर्षात प्रथमच मी आज दोन भाकरी खाल्ल्या.

बुधवार, ता. ८ नोव्हेंबर

मनूला व मला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी माझी छाती ऐकली व समाधान दर्शविले. लहानपणी कोणते आजार झाले, हे विचारले. आठव्या वर्षी कांजिण्या झाल्या, एवढे सांगितले. अधिक त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

नंतर त्यांनी जे सांगितले ते टिपून ठेवतो. ह्या गोळ्या चालू आहेत तोवर अंगाचा पहारा ढिला असतो. मनूला गोवर-कांजिण्यांच्या माणसाजवळ बिलकुल जाऊ द्यावयाचे नाही. धडधाकट मुलाला जे सोसते ते तिला सोसणार नाही. शाळेत सध्या कांजिण्यांची साथ असल्याने शाळा बंद. मला सांगितले की, अंगावर नवे काही दिसले, कितीही क्षुल्लक असो, वहीत लिहा. होय म्हटले.

रविवार, ता. १२ नोव्हेंबर

प्रकृती उत्तम. खोकला दोन वेळा. विहिरीवरून अर्धी कळशी मी स्वतः आणली. शेजारची बायडाबाई, मागवाल्याची म्हातारी आई, पायरीवर बसून होती. ती म्हणाली, “मुकादम, चाळीस वरसं बायकास्नी दम दिलासा, आता उरलेला दम कळशीला घालतासा व्हय?” मला राग आला नाही.

मनूचे अक्षर मागे पडू नये म्हणून दुपारी तिला शिकविणे सुरू केले. पाटी घेऊन बसावयाचा तिला कंटाळा. तेव्हा मी एक जुनी रीत काढली. मी खाटेवर पाठ करून बसतो, ती मागे बसून माझ्या पाठीवर बोटाने अक्षर काढते, मी ओळखावयाचे. चुकीचे वळण असेल तर मी मुद्दाम ओळखीत नाही. मग ती चिडून दाबून लिहिते. एक अक्षर झाले की उघड्या तळव्याने माझी पाठ वरून खाली दोनदा पुसते, पाटी पुसतात तशी, आणि म्हणते, “पुसलं. आता वळखा.”

साठ वर्षांत ही रीत मी कोणाला दाखविली नव्हती. आज हात कसा पुढे झाला, नकळे.

गुरुवार, ता. १६ नोव्हेंबर

थकवा. अंग जड. खोकला तीन वेळा.

परवा शाळेत बालदिन होता. मनू रडून हटून बसली, म्हणून जयाने तिला शाळेच्या दारापर्यंत नेले. बाहेरूनच दोन मिनिटे मुलांचे लेझीम पाहून परत आणले. परशराम संध्याकाळी रागावले. जया म्हणाली की, पोरीनं बघायचंबी न्हाय व्हय? 

दुपारी माग थांबल्यावर खाटेवर बसून पेपर वाचीत होतो. मागून डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली बोट फिरले. उभी रेघ, मग वाटोळे. मी म्हणालो, मनू, आता नको, मी वाचतो आहे. रेघ पुन्हा फिरली. जरा कडक आवाजात नको म्हणालो. तेव्हा मनूचे उत्तर समोरच्या अंगणातून आले. ती पायरीवर उभी राहून सांबऱ्याच्या विमानतळाकडून येणारे विमान पाहत होती.

मागे पाहिले. खाट रिकामी होती.

शिरेला ओढ बसली असावी. कळशी उचलली तेव्हाच.

शनिवार, ता. १८ नोव्हेंबर

आंघोळीच्या वेळी जळजळ झाली. हात मागे नेऊन पाहिले तर पाण्याचे बारीक फोड, घोसासारखे. फऱ्याखालून बगलेकडे ओळ चालली आहे. मोरीतून मला बोलावता येईल अशी बायडाबाईच होती. तिने पाहिले आणि एका शब्दात निकाल दिला, “नागीण.”

तिने गेरू उगाळून लावला आणि नागिणीच्या तोंडापुढे आडवी रेघ ओढली. तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस जातो, म्हणून रेघ रोज ओढावयाची. मी विचारले की, घरात आजारी मूल आहे, त्यास काही? ती हसली. “नागीण ज्याची त्याला. दुसऱ्याला कवाच लागत न्हाय. कांजिण्या हायत व्हय त्या?”

आमच्याकडे सर्व असेच मानतात. मीही मानीत आलो.

हे वहीत लिहिले तर डॉक्टरीणबाई गोळ्या बंद करतील. गोळ्यांपूर्वी मला परसाकडेला न्यावयास दोन माणसे लागत. त्यांपैकी एक, मंडळी, गेली. लेकीने बापाला बगलेत धरून न्यावे, हे मला सोसणार नाही. जयाला सांगितले तर ती डॉक्टरीणबाईंना सांगेलच. म्हणून बायडाबाईकडून वचन घेतले. सदरा जाड घातला आहे.

लिहून तर ठेवले. खोटे लिहिणे मला जमत नाही. हे पान मात्र दाखवावयाचे नाही.

सोमवार, ता. २० नोव्हेंबर

सर्व दिवस बाज धरून. डाव्या अंगाला वस्त्र सहन होत नाही, म्हणून दुपारी सदरा सैल करून कुशीवर पडलो होतो. डोळा लागला. पाठीवर बोट आले. थंड, हलके. त्या आगीवर ते इतके बरे वाटले की मी तसाच पडून राहिलो. मग उघड्या तळव्याने पाठ पुसली गेली आणि मी किंचाळून उठलो.

मनू होती. सदऱ्याखाली हात घालून लिहीत होती. घाबरली नाही. आपले बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, “आज्जा, तुमची पाटी वली हाय. आन् तांबडी.”

बोटाला गेरू व पाणी. तोवर तेच बोट ओठाला लागले होते.

तिचा हात साबणाने तीन वेळा धुतला. तोंड धुतले. कोणाला सांगू नकोस म्हणालो. तिला ते आवडले.

नागीण ज्याची त्याला.

बुधवार, ता. २२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे जावयाचे होते. सकाळी ट्रंकेतून दाभण व दोरा काढला आणि सोळापासूनची पाने कडेने शिवून टाकली. वखारीत तंबाखूची पोती मी ह्याच दाभणाने शिवीत असे. टाके सरळ आले.

त्यांनी वही चाळली व शिवलेल्या पानांवर बोट ठेवले. शाई सांडून पाने खराब झाली, असे सांगितले. हे माझे आयुष्यातील दुसरे खोटे. नंतर त्यांनी स्पष्ट विचारले की, घरात किंवा शेजारात कोणाला कांजिण्या आहेत काय? नाही म्हणालो. ते खरे होते. निदान शब्दशः खरे होते.

मनूला तपासले. प्रकृती चांगली. गोळ्या पुढे चालू.

बाहेर आल्यावर मनू माझ्या कानात म्हणाली की, मी सांगितलं न्हाय.

शनिवार, ता. २५ नोव्हेंबर

झोप नाही. अन्नावर वासना नाही. फोड सुकत नाहीत. जुने फुटतात, नवे येतात. बायडाबाई म्हणते, तोंड छातीपर्यंत आले. तिने हसणे सोडले आहे.

दररोज माग थांबतात आणि बोट येते. मनूला आता मी जवळ येऊ देत नाही. ती समोर अंगणात मला दिसत असते, आणि तरी पाठीवर उभी रेघ, मग वाटोळे. पुन्हा उभी रेघ, मग वाटोळे. त्यापुढे कधी जात नाही. पुसत नाही. एकावर एक गिरवते.

त्यापुढे तिला येत नव्हते.

पहिले खोटे लिहितो. मी आठ वर्षांचा, दुसरीत. कांजिण्या निघाल्या म्हणून आईने मला माळवदावर वेगळे ठेवले होते. धाकटी बहीण तानी पाच वर्षांची, नुकतीच तापातून उठलेली, काडीसारखी. आईने तिला जिन्याला पाय लावू नकोस म्हणून सांगितले होते. मला एकट्याला करमेना. मी वरून हळूच हाक मारली आणि ती आली. तीन दुपारी माझ्या मागे बसून पाठीवर बोटाने लिहीत होती. मी शिकवलेले एवढेच, उभी रेघ व वाटोळे. तिचे बोट थंड असे. खाजेवर बरे वाटे.

पंधरा दिवसांनी तिला निघाल्या. तोंडात, घशात, डोळ्यांत. आठव्या दिवशी गेली. आईने समजूत करून घेतली की, आपण सोमवारी तिला गार पाण्याने न्हाऊ घातले म्हणून हे झाले. पुढे तीस वर्षे आई तेच बोलत होती, मरतानाही. मी जवळ बसलो होतो. आई, तू नव्हे, मी हाक मारली होती, एवढे एक वाक्य मला सांगता आले नाही. चूक कबूल करण्याची मला सवय नाही. वखारीत हाच माझा लौकिक होता.

हे पान शिवतो.

बुधवार, ता. २९ नोव्हेंबर

ताप. डाव्या डोळ्याने धूसर दिसते.

जया म्हणाली की, आप्पा, सदरा काढा, धुती. नको म्हणालो. तिने माझ्याकडे फार वेळ पाहिले. “आमचं काय चुकलं व्हय आप्पा? का असं तोंड फिरवून बसतासा?” पाठ भिंतीला लावून बसतो. भिंतीला लावली तरी ती लिहिते. भिंतीच्या आणि माझ्या मध्ये जागा नसते, तरी.

शनिवार, ता. २ डिसेंबर

बायडाबाई गेरू घेऊन आली, पाहिले, आणि वाटी तशीच घेऊन परत गेली. उजव्या अंगालाही फोड आहेत. मांडीवर, पोटावर, सुटे सुटे. रेघ कोठे ओढावी, हे तिला कळेना. दारातून एवढेच म्हणाली, “मुकादम, ही नागीण न्हवं. मला न्हाय कळत हे काय हाय ते.”

मला कळले. हे सुटे फोड मी पूर्वी पाहिले आहेत. माझ्याच अंगावर, माळवदावर. आणि नंतर तानीच्या.

गेले नव्हतेच कोठे. साठ वर्षे माझ्या आत बसून होते.

आज सांगावयास हवे. परशराम येतील तेव्हा —

सांगितले नाही. ते जेवत होते.

सोमवार, ता. ४ डिसेंबर

मनूचे पोट दुखते. पाठ दुखते. ताप. जया म्हणते, काहीतरी खाल्ले असेल.

मी हिशेब केला. वीस तारखेपासून चौदा दिवस.

संध्याकाळी कानामागे एक फोड. पाण्याचा थेंब ठेवावा तसा. परशराम तिला चादरीत गुंडाळून टांग्याने घेऊन गेले. जाताना तिने चादरीतून हात काढला व माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले.

बुधवार, ता. ६ डिसेंबर

परशराम कपडे न्यावयास आले होते. उभ्यानेच बोलले. फोड घशात आहेत. छातीत उतरले. रक्त थांबत नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा विचारले की, घरात कोणाला कांजिण्या, किंवा नागीण? दोन्ही रोग एकच आहेत म्हणे. लहानपणीच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी बीज शिरेच्या मुळाशी निजून राहते, आणि अंगाचा पहारा ढिला झाला की नागीण होऊन उठते. तिचे पाणी लागले तर दुसऱ्याला कांजिण्या होतात. लागल्यापासून तीन-चार दिवसांत कळले असते तर एक सुई मुंबईहून मागवता आली असती.

तीन-चार दिवसांत. बावीस तारखेस मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो होतो.

परशराम म्हणाले, “मी सांगितलं, घरात कुणालाच न्हाय. बालदिनाला शाळेच्या दारात न्हेलती, तितंच लागलं असंल.” मग हळू आवाजात म्हणाले, “मामा, जया भिंतीला डोकं आपटून घेतीया. मीच न्हेलं, मीच न्हेलं म्हणतीया. तुमी येऊन तिला चार शब्द सांगा.”

मी येतो म्हणालो. उठता आले नाही. त्यांना वाटले, दु:खाने.

गुरुवार, ता. ७ डिसेंबर

डावा हात ऐकत नाही. शब्द आठवावे लागतात.

जया तीस वर्षे हेच म्हणत राहील.

तानी आज माग चालू असतानाच आली. दिवसभर. उभी रेघ, वाटोळे — उभी रेघ —

तिला पुढचे अक्षर हवे आहे. मी शिकवले नाही.

शुक्रवार, ता. ८ डिसेंबर

दुपार. माग थांबले. घरात कोणी नाही.

टाके उसवतो आहे. दाभण ठरत नाही, दातांनी दोरा — सोळापासूनची पाने मोकळी. पंचवीसचे उसवावयाचे राहिले. जयाने सर्व वाचावे. डॉक्टरीणबाईंस दाखवावे. मी दाखविले नाही.

तानी आहे. रेघ. वाटोळे.

तू जा म्हणालो. ऐकत नाही.

रेघ —

दुसरे बोट.

हे मोठे आहे. दाबून लिहिते. तानीला न येणारे अक्षर, शेवटपर्यंत, वळणासह. मी बरोबर शिकवले होते ते.

नाही. ती दवाखान्यात आहे. खाटेवर. जया तिच्याजवळ —

तळवा. उघडा. वरून खाली. दोनदा.

तानी कधी पुसत नव्हती.

अंगणात सायकल. परशराम या वेळी कसे — एकटेच — चालत, सायकल हातात धरून, चेनकडे न पाहता —

त्यांच्यामागे जया. पायरीवर बसली. म्हणते, मीच न्हेलं. मीच —

जया, शाळेचे दार नव्हे. तू नव्हे. वीस तारखेस दुपारी मी